बदलीची वाट बघण्यापेक्षा मीच गेलो

लग्न झाल्यापासून दोन्हीकडच्या नातेवाइकांचा एकच प्रश्न, बदलीचं काय झालं. बायको रत्नागिरी जिल्ह्यात झेडपीची शिक्षिका, मी पुण्यात हडपसरला, माझं घर औशाला आणि तिचं माहेर अंबाजोगाईला. आणि सगळ्यांनी धरूनच चाललेलं की आज ना उद्या तीच इकडे येणार, बाईमाणूस आहे, नवऱ्याच्या गावी येईल, तोवर काढा कसंतरी. या कसंतरी काढण्याचाच मला खरा राग आहे. गेल्या महिन्यात एका मित्राचा फोन आला, त्याची बायको पालघर जिल्ह्यात शिक्षिका आणि तो संभाजीनगरला, पोरगी आजीकडे, आणि तो विचारत होता की तू नेमकं कसं केलंस, पैशाचं काय केलंस, घरच्यांना काय सांगितलंस. फोनवर अर्धवटच सांगून झालं म्हणून म्हटलं सगळं एकदा लिहूनच काढू, त्याच्यासारखे अजून बरेच असतील.

आधी थोडं मागचं. 2010 च्या सीईटीनंतर राज्यात प्राथमिक शिक्षकांची मोठी भरती कित्येक वर्षं झालीच नाही. आमच्या लातूर-बीडकडे डीएड करून बसलेली पोरं-पोरी घरटी एक होती, तीही त्यातलीच, सकाळी एका इंग्लिश मीडियम शाळेत आणि संध्याकाळी घरी शिकवण्या. मग डिसेंबर 2017 मध्ये अभियोग्यता चाचणी झाली, शिक्षक भरतीचं पवित्र पोर्टल आलं, आणि यादी लागायला ऑगस्ट 2019 उजाडलं. पसंतीक्रम भरताना कुणी आवडीचा जिल्हा भरत नाही, जिथे जागा आहेत ते जिल्हे भरतात, आणि आपल्या मराठवाड्यात जागा कमी, कोकणात जास्त. म्हणून रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, पालघर या सगळ्या जिल्ह्यांच्या शाळांत आमच्याकडची माणसं भरलेली आहेत. तिला संगमेश्वर तालुका मिळाला. तालुक्याचं नाव संगमेश्वर असलं तरी पंचायत समिती, तहसील सगळं देवरुखला आहे, हे आम्हाला हजर व्हायला गेल्यावर कळलं. शाळा देवरुखपासून बरीच आत, द्विशिक्षकी, आणि पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून महिन्याला 6000 रुपये मानधन. ते मानधन 16000 झालं जानेवारी 2023 पासून, तेव्हा तिची तीन वर्षं आधीच संपलेली होती. 6000 मध्ये देवरुखला बीडच्या एका मैत्रिणीबरोबर अर्धी खोली, जाण्यायेण्याचं भाडं, आणि उरलेल्यात जेवण. घरून पैसे मागायची नाही ती, मी पाठवले तर आधी भांडायची.

लग्न कोरोनात झालं, मोजक्या माणसांत. लग्नानंतर ती देवरुखला, मी हडपसरला.

आता बदलीबद्दल, कारण ज्यांचा झेडपीशी संबंध नाही त्यांना वाटतं अर्ज केला की बदली होते. दुसऱ्या जिल्ह्यात जायचं म्हणजे आंतरजिल्हा बदली. तिथे तुमच्या प्रवर्गाची जागा रिकामी हवी, बिंदुनामावलीत म्हणजे आरक्षणाप्रमाणे लावलेल्या जागांच्या यादीत बसायला हवं, आणि लातूर-बीडसारख्या जिल्ह्यांत यायला राज्यभरातून माणसं रांगेत उभी आहेत. बरं झालीच बदली तर नवीन जिल्ह्यात सेवाज्येष्ठता पार तळाला, म्हणजे आधीची वर्षं ज्येष्ठतेत धरतच नाहीत. शिक्षकांच्या बदल्यांत पती-पत्नी एकत्रीकरण म्हणून एक वेगळा संवर्ग आहे आणि तो चांगलाच आहे, त्याने कितीतरी घरं एका जागी आली, पण त्यात जोडीदार सरकारी किंवा निमसरकारी नोकरीत, अनुदानित संस्थेत वगैरे असावा लागतो. माझी नोकरी खाजगी. म्हणजे मॅरेज सर्टिफिकेट असूनही बदलीच्या फॉर्मवर आम्ही एकत्र आणण्यासारखं जोडपं नव्हतोच! शिक्षकाचा नवरा शेतकरी असेल, दुकानदार असेल, कंपनीत असेल तरी त्याला बायको तितकीच लांब असते ना. हे मी अजूनही प्रत्येकाला सांगतो, आणि हा नियम बदलायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

मग जाणंयेणं. शुक्रवारी रात्री स्वारगेटवरून गाडी, सातारा, कऱ्हाड, तिथून मलकापूर, आंबा घाट, आणि पहाटे साखरप्याला उतरायचं. तिथून देवरुखची पहिली एसटी. साधारण 300 किलोमीटर. साखरप्याच्या स्टँडवर मला सगळ्यात नवल या गोष्टीचं वाटायचं की हा रस्ता रत्नागिरी-नागपूर हायवेचा, म्हणजे हाच रस्ता पुढे कोल्हापूर, मिरज, सोलापूर, तुळजापूर करत माझ्या औशावरून लातूरला जातो. एकाच रस्त्यावर आमची दोन गावं, आणि मी पुण्याहून वळसा घालून येतोय. शनिवारी तिची सकाळची शाळा, ती दुपारी घरी येईपर्यंत मी तिच्या मैत्रिणीला अडचण नको म्हणून बाहेरच कुठेतरी, बाजारात, बसस्टँडवर, आणि रविवारी दुपारनंतर परत निघायची घाई. दीड दिवसात माणसं भेटत नाहीत, फक्त एकमेकांची तब्येत बघून येतात.

निर्णय मात्र झाला तो 2021 च्या जुलैमध्ये. 22 जुलैला चिपळूणला महापूर आला, वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरून पहिला मजला बुडाला तो दिवस. टीव्हीवर चिपळूण दिसत होतं आणि तिचा फोन बंद. आंबा घाटात दरडी कोसळून रस्ता खचलेला, कुंभार्ली घाटाकडून यायचं तर पुढे चिपळूणच पाण्यात, कोकण रेल्वे थांबलेली. म्हणजे तिच्याकडे जायला रस्ताच नाही. तिच्या आईचा मला दर तासाला फोन, आणि माझ्याकडे सांगायला काही नाही. शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी टाकलं की देवरुखकडचे सगळे सुखरूप आहेत, फक्त लाइट आणि रेंज नाही, तेवढ्यावर तो दिवस काढला. शेवटी तिचा फोन आला तो सड्यावरून, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावरून. खाली वाडीत रेंज नाही म्हणून ती आणि शाळेतल्या मदतनीस मावशी भर पावसात चढून सड्यावर गेल्या होत्या, आणि फोन लागल्यावर ती पहिलं वाक्य काय बोलली तर, "बॅटरी कमी आहे, आईला सांग." बास. फोन कट. तिला काही झालेलं नव्हतं, ती घाबरलेलीही नव्हती, शाळेत गळत होतं तिथे ताडपत्री लावून तांदळाची पोती हलवायच्या कामात होती. पण मी त्या रात्री ठरवलं की बायकोवर एवढा प्रसंग येतो आणि मी तो टीव्हीवर बघतो, हे पुन्हा व्हायचं नाही.

ठरवलं तरी लगेच जाता आलं नाही हे मुद्दाम सांगतो, कारण माझ्या मित्राचा जोश बघून मला जरा काळजी वाटली. तिचं मानधन 6000, तेवढ्यावर दोघांचं भागत नव्हतं आणि माझ्या पगारातून औशाच्या घराच्या कर्जाचा हप्ता जात होता. म्हणून आम्ही तिची शिक्षणसेवकाची तीन वर्षं पूर्ण व्हायची वाट बघितली. 2022 मध्ये ती नियमित वेतनश्रेणीत आली, त्याच सुमारास आमच्या कंपनीने वर्क फ्रॉम होम संपवून सगळ्यांना ऑफिसला बोलावलं, आणि मी राजीनामा दिला. माझं काम पेरोलचं, म्हणजे कंपन्यांच्या लोकांचे पगार काढायचे, हजेरीपासून पीएफ, ईएसआयसी म्हणजे कामगार विमा, प्रोफेशनल टॅक्स, कुणी नोकरी सोडली तर त्याचा हिशोब. मधल्या काळात मी पुण्यातल्या दोन-चार छोट्या कारखानदारांशी बोलून ठेवलं होतं, त्यांना पूर्ण वेळ माणूस परवडत नाही आणि काम तर दर महिन्याला असतंच. त्यांचं काम घेतलं. कमाई आधीच्या पगाराच्या निम्म्यावर आली, पण पुण्याचं भाडं, मेस, येण्याजाण्याचा खर्च गेला, आणि तिच्या पगाराचा आधार होता. हा आधार नसता तर मी गेलो नसतो, तिनेच येऊ दिलं नसतं.

घरी सांगितलं तेव्हा काय काय ऐकलं ते सगळं लिहित नाही. मामा म्हणाले बायकोच्या मागे मागे जाणारा पहिलाच बघतोय. एका काकूंनी आईला विचारलं, पोराची नोकरी गेली का? मला याचं वाईट वाटलं, आईला जास्त वाटलं. पण मी एकच गोष्ट प्रत्येकाला समजावून सांगत राहिलो, की तिची नोकरी त्या शाळेला खिळलेली आहे, ती उचलून आणता येत नाही, माझी लॅपटॉपमध्ये आहे, ती नेता येते. जे हलतं ते हलवायचं, यात बाई कोण आणि पुरुष कोण हे कुठे आलं? उद्या माझी नोकरी खिळलेली आणि तिची हलणारी असती तर ती आली असती, आणि तिला कुणी एक शब्द विचारला नसता. अप्पा सगळं ऐकून घेऊन बराच वेळ गप्प होते, आणि मग त्यांनी विचारलं, "तिथं पाण्याचं कसंय?" लातूरला 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, तेव्हा आमच्याकडच्या माणसाच्या मनात पहिल्यांदा तेच येणार. मी म्हटलं अप्पा आपल्याकडे वर्षभरात 800 मिलिमीटरच्या आसपास पडतो, तिथे तीन हजाराच्या वर. ते म्हणाले मग जा.

(उन्हाळ्यात तिथेही विहिरी आटतात आणि वाड्यांवर टँकर येतात, हे त्यांना मी नंतर सांगितलं. एवढा पाऊस पडून मे महिन्यात टँकर, त्यांना ते अजूनही पटत नाही.)

घर शोधणं ही एक मोठीच गोष्ट झाली. कोकणातल्या गावात भाड्याची घरं नसतात, बंद घरं असतात. माणसं मुंबईला, घराला कुलूप, वर्षातून दोनदा उघडायचं, गणपतीला आणि शिमग्याला. तिच्या वर्गातल्या एका मुलाच्या आजोबांनी असं एक घर सांगितलं, त्यांच्या चुलतभावाचं, तो लालबागला. चिऱ्याचं, कौलारू, पुढे ओटी, मग माजघर, बाजूला पडवी, मागे विहीर. मालकांशी फोनवर बोलणं झालं, त्यांनी भाड्याचा आकडा अगदी कमी सांगितला, पण अटी दोन. गणपतीत आणि शिमग्यात घर त्यांचं, तेव्हा आम्ही मागच्या खोलीत. आणि रोज संध्याकाळी त्यांच्या देवापुढे दिवा लागला पाहिजे. ही दुसरी अट ऐकून मला बरं वाटलं. देवघरात त्यांच्या आजोबांच्या हातची एक पितळी समई आहे, तिच्या वातीचं टोक जरा पुढे ओढून मगच पेटवायची नाहीतर तेल तबकात उतरतं, हे शेजारच्या काकींनी मला स्वतः येऊन दाखवलं. हिची शाळा, मग शाळेची ऑनलाइन माहिती भरणं, त्यामुळे दिवा लावायचं काम माझ्याकडे आलं ते आजतागायत माझ्याकडेच आहे. एरवी कुलपात असलेल्या घरात दिवा दिसतो म्हणून वाडीतली माणसं सुरुवातीला मुद्दाम ओटीवर येऊन बसायची. मी त्यांच्यासाठी बराच काळ बाईंचे मिस्टर होतो. माझं नाव कुणाला माहीतच नव्हतं.

पहिला पावसाळा. हे नीट सांगतो कारण घरून काम करणाऱ्याने कोकणात जायचं असेल तर मे महिन्यात जाऊन नेट बघू नये, मे मध्ये सगळं छान चालतं. फायबरची केबल देवरुखकडून झाडांवरून आलेली, जूनच्या पहिल्याच वाऱ्यात फणसाची फांदी पडून तुटली. लाइट तर संध्याकाळी गेली की सकाळी येईल का हा प्रश्न. पीएफचं चलन आणि ईसीआर, म्हणजे त्याचं ऑनलाइन विवरण, दर महिन्याच्या 15 तारखेपर्यंत भरावं लागतं, ईएसआयसीचंही तेच, उशीर झाला तर व्याज आणि दंड मालकावर, म्हणजे चूक माझी आणि भुर्दंड त्याला. जूनच्या 15 ला सकाळपासून लाइट नाही, नेट नाही, मोबाइलला रेंज नाही, लॅपटॉपची बॅटरी निम्मी. तिच्या शाळेतल्या सरांनी मला मोटरसायकलवर मागे घेतलं, लॅपटॉप दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत गुंडाळून आतल्या बाजूला घट्ट धरलेला, वाटेत पऱ्याला म्हणजे ओढ्याला पाणी आलेलं म्हणून गाडी तिथेच लावून साकवावरून, म्हणजे छोट्या पुलावरून, चालत पलीकडे, आणि पुढे टेम्पोने देवरुख. एका झेरॉक्सवाल्याकडे जनरेटर होता. त्याने टेबलावरचे कागद बाजूला सारून मला जागा दिली, चहा दिला, आणि संध्याकाळपर्यंत सगळी चलनं भरून झाल्यावर पैसे विचारले तर म्हणाला बाईंच्या शाळेत माझी भाची आहे. तेव्हापासून मी चलन 10 तारखेच्या आत भरून मोकळा होतो, घरी इन्व्हर्टर घेतला, दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिम ठेवली, आणि महिन्याचे शेवटचे दिवस पाऊस जास्त असेल तर सरळ देवरुखला त्या झेरॉक्सवाल्याकडे बसतो. क्लायंटना आधीच सांगून ठेवलंय की जून ते सप्टेंबर हजेरी मला 28 ला हवी.

आता आमच्या दोघांबद्दल. फोनवर आम्ही रोज रात्री नऊला बोलायचो, तासभर, कधी जास्त. मला वाटायचं मला हिचं सगळं माहितीये. सोबत राहायला लागल्यावर कळलं की शाळेतून आल्यावर ही तासभर कुणाशीच बोलत नाही. येते, हातपाय धुते, मागच्या दारी विहिरीच्या कठड्याजवळ बसते, आणि गप्प असते. दिवसभर दोन-दोन वर्ग एकत्र, पोषण आहाराची नोंद, केंद्रप्रमुखांचा फोन, कुठलीतरी माहिती आजच्या आज पाठवा, एवढं सगळं झाल्यावर तिला तो तास लागतोच, आणि तीन वर्षं एकटी राहून तिने तो स्वतःसाठी बसवलेला होता. मी मात्र दिवसभर एकटा घरात, ती आली की माझं सुरू. सुरुवातीचे बरेच दिवस यावरून धुसफूस झाली, मला वाटायचं मी हिच्यासाठी सगळं सोडून आलो आणि ही बोलतही नाही, आणि एकदा ती शांतपणे म्हणाली की तू माझ्यासाठी आलास ते बरोबरच आहे, पण सोडून आलो सोडून आलो असं दर दोन दिवसांनी म्हणालास तर मी त्याचं ओझं किती दिवस घेऊन फिरू. ते बोलणं मला लागलं, आणि पटलंही. त्यानंतर मी तो शब्द तोंडातून काढला नाही. आता ती आली की मी चहा तिथे नेऊन ठेवतो आणि माझ्या कामाला बसतो, आणि बोलणं जेवणानंतर, अंगणात किंवा पाऊस असला तर ओटीवर, त्याच नऊच्या सुमाराला. म्हणजे वेळ तीच राहिली आमची.

जेवणाचंही सांगतो. मला ज्वारीची भाकरी लागते, ती लग्नाआधीपासून तिकडे राहून तांदळाची भाकरी, कुळथाची पिठी, सोलकढी यात रमलेली. औशाहून अप्पा ज्वारीचं पोतं पाठवायचे आणि पावसाळ्यात त्या दमट हवेत महिन्याभरात त्यात टोके व्हायचे, पीठ दळून आणलं तर चार दिवसांत गोळे आणि कडवट. आता थोडी थोडीच मागवतो, पत्र्याच्या डब्यात कडुनिंबाचा पाला घालून ठेवतो, आणि श्रावण-भाद्रपदात सरळ तांदळाचीच भाकरी खातो. सवय झाली. पहिल्या गणपतीत मालकांचं सगळं कुटुंब आलं, घर माणसांनी भरून गेलं, आम्ही ठरल्याप्रमाणे मागच्या खोलीत. आम्हाला वाटलं होतं आपण जरा बाजूलाच राहावं, त्यांचा सण आहे. पण मालकांची आई सत्तरीच्या पुढची, त्यांनी पहिल्याच सकाळी हाक मारली की दिवा वर्षभर तू लावतोस तर आरतीला मागे का उभा. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून शेंगापोळ्या केल्या, शेंगदाणे आमच्याकडचेच, आणि रात्री जाखडी नाचायला आलेल्या पोरांच्या ताटात मोदकांबरोबर त्या गेल्या. माझं नाव गावाला कळलं ते त्या रात्री, कारण मालकांच्या आई प्रत्येकाला नावानिशी सांगत होत्या की ह्याने केल्यात.

आता गावात मला काम आहे. कुणाचा मुलगा मुंबईत कंपनीत लागतो, त्याचं पीएफचं खातं, आधार लिंक, आधीच्या नोकरीचे अडकलेले पैसे, ही सगळी कागदपत्रं संध्याकाळी ओटीवर येतात. एका मावशींच्या मिस्टरांचे गिरणीतले जुने पैसे अडकलेले, त्याच्या मागे लागून अर्ज केला. पैसे नाही घेत मी याचे. पण मित्राला मी हे आवर्जून सांगितलं, की तिकडे गेल्यावर बायकोच्या ओळखीवर किती दिवस राहशील, तुझी स्वतःची चार माणसं कर, कारण दिवसभर ती शाळेत असणार आणि तू नुसता तिची वाट बघत बसलास तर तिला घरी यायचंच दडपण येईल. आणि पोरीला घेऊनच जा. आजीकडे राहू दे, शाळा इथे चांगली आहे, असं सगळे म्हणतील. तिची आई शिक्षिका आहे रे, शाळा कुठली शोधतोस अजून!

तिला म्हटलं मी हे लिहितोय, तर तिने एक गोष्ट घालायला सांगितली. तिच्या बरोबर लागलेल्या मुलींमध्ये काहींनी नवऱ्याच्या गावाकडे जायचं म्हणून नोकरीच सोडली. इतकी वर्षं घासून मिळालेली नोकरी. त्यांच्यापैकी कुणाच्याच घरी हा विचारही झाला नाही की नवरा येऊ शकतो का. निदान विचार तरी व्हावा, असं तिचं म्हणणं आहे, आणि माझंही.

सध्याचा प्रश्न वेगळाच आहे. वाडीतली मुलं कमी होत चाललीयेत, माणसं मुंबई-पुण्याला, त्यामुळे शाळेचा पट घसरलाय, आणि समायोजन झालं, म्हणजे जास्तीचे शिक्षक दुसऱ्या शाळांत हलवले, तर तिला जिल्ह्यातच दुसरीकडे पाठवतील. रत्नागिरी जिल्हा उभा लांबलचक, मंडणगडपासून राजापूरपर्यंत कुठेही. मालकांना कल्पना दिलीये, त्यांच्या आई म्हणाल्या गणपतीला मात्र इथेच यायचं. राजापूरकडे मिळालं तर माझ्या ओळखीचे दोन शिक्षक आहेत, घराचं होईल. मंडणगड मिळालं तर तिकडे माझं कुणीच नाही. म्हणून विचारतो, मंडणगड-दापोलीकडे कुणी घरून काम करत असाल तर सांगा, जुलैमध्ये तिकडे कुठलं नेट टिकतं आणि लाइट गेली की तुम्ही जाऊन बसता कुठे.